गिऱ्हाईक कुणाचं?

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



ब्युटी पार्लर आणि स्पा चालवणाऱ्यांसाठी पुढचा काळ कसा असेल, यावर बोला असं मला आकाशवाणीतून सांगण्यात आलं, तेव्हा मी आधी विचारलं, "मीच का?" मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, कविता लिहिणारी बाई. पण विचारणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. माझ्या धाकट्या बहिणीचं मिरजेत १९९८ पासून पार्लर आहे आणि त्याच्या हिशेबाच्या वह्या पहिल्या दिवसापासून माझ्या अक्षरात आहेत. तिचा हात चालतो, माझं पेन चालतं.

पार्लर म्हणजे तेव्हा आमच्या घराची पुढची दहा बाय दहाची खोली, एक आरसा, एक खुर्ची आणि दाराला जाड पडदा. आयब्रोचे पाच रुपये. त्या पडद्यामुळे मोहल्ल्यातल्या बुरख्यातल्या बायका निर्धास्त येत आणि त्याच पडद्यामुळे ब्राह्मणपुरीतल्या सुनाही येत. सासूला कळू नये म्हणून. चाँदरातीला मेंदीसाठी आणि तुळशीच्या लग्नानंतर नवरीसाठी रांग लागायची. आज तिथे तीन खुर्च्या आहेत, दोन मुली कामाला आहेत. पडदा बदलला, पण आहे.

आता घरातला प्रश्न सांगते, कारण माझं सगळं बोलणं त्यातूनच आलेलं आहे. बहिणीची मुलगी आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स करून पुण्याला गेली. दोन वर्षं एका सलूनमध्ये आणि पुढची तीन वर्षं मोबाईलच्या ॲपवरून घरोघरी जाऊन तिनं काम केलं. आता ती परत आली आहे. आल्याच्या तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "खाला, तू अम्मीला समजाव. आठ लाखांचं कर्ज काढू, वरचा मजला भाड्यानं घेऊ, स्पा करू, लेसरचं मशिन आणू. नाहीतर पाच वर्षांनी आपल्याकडे कुणी येणार नाही." संध्याकाळी बहीण म्हणाली, "आपा, तूच हिला समजाव." आमच्या घरात दखनी बोलतात, तुमच्यासाठी मराठीत सांगितलं. दोघींनाही मीच समजवायचं, तेव्हा आधी मला समजून घेणं भाग होतं.

कविता लिहिणाऱ्याची खोड म्हणून मी शब्दापासून सुरुवात केली. स्पा हे बेल्जियममधल्या एका गावाचं नाव. तिथे औषधी पाण्याचे झरे आहेत, त्यावरून जगभर हा शब्द गेला. झरे आपल्याकडेही आहेत, वज्रेश्वरीला आहेत, कोकणात उन्हवऱ्याला आहेत. आपण तिथे खरूज-नायटा घालवायला जातो, त्याचं बिल कुणी फाडत नाही. बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात रंगीत चित्रांनी मढवलेला शाही हमाम आहे. आणि आपला 'न्हावी' हा शब्दच मुळी न्हाऊ घालणारा या अर्थाचा आहे. म्हणजे हा धंदा काही नवा नाही. डोक्याची 'चंपी' साहेबाच्या तोंडात जाऊन तिचा शाम्पू झाला आणि तो परत आपल्याच दुकानात एक रुपयाच्या पुडीत आला.

ती चंपी विलायतेत रुजवणारा माणूस होता शेख दीन महंमद. जन्म पाटण्याचा, १७५९ चा. कंपनी सरकारच्या फौजेबरोबर फिरला, १७८४ मध्ये आयर्लंडला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. १७९४ मध्ये त्यानं आपलं प्रवासवर्णन छापलं. इंग्रजीत पुस्तक लिहिणारा पहिला हिंदी माणूस म्हणून त्याचं नाव घेतात. १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी खाण्याचं हॉटेल काढलं आणि दोन वर्षांत दिवाळं वाजलं. मग तो समुद्रकाठच्या ब्रायटनला गेला. तिथे औषधी वाफारा आणि मालीश यांचं स्नानगृह चालवलं. मोठमोठे लोक सांधेदुखी घेऊन यायचे. बऱ्या झालेल्यांच्या कुबड्या तो भिंतीला टांगून ठेवी आणि त्यांची पत्रं पुस्तकात छापी. आज मोबाईलवर पाच तारे मिळवायला आपण धडपडतो, त्याचाच हा आजोबा. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम अशा दोन राजांनी त्याला नेमलं होतं.

ही गोष्ट इथेच थांबवून 'आपल्या मुलखाचा माणूस किती मोठा झाला' असं म्हणायची पद्धत आहे. मला मात्र पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. ती इमारत त्याच्या ताब्यात नव्हती, भागीदाराची होती. भागीदार वारला, इमारतीचा लिलाव झाला आणि म्हाताऱ्या दीन महंमदाला ती विकत घेता आली नाही. नाव त्याचं, हात त्याचा, तीस वर्षांच्या आसपासची कमाई त्याची. आणि तो लहानशा जागेत येऊन बसला. १८५१ मध्ये वारला.

माझ्या भाचीचं पुण्यात तेच झालं, फक्त इमारतीच्या जागी ॲप होतं.

ॲपबद्दल मला आकस नाही. अशा कामाची सर्वांत मोठी कंपनी म्हणजे अर्बन कंपनी. ती २०१४ मध्ये वेगळ्या नावानं सुरू झाली आणि २०२५ च्या सप्टेंबरात शेअर बाजारात आली. म्हणजे घरी येऊन वॅक्सिंग करून देणं हा आता शेअर बाजाराचा विषय आहे. शहरातल्या बाईला कामावरून आल्यावर पार्लरला जायला वेळ नाही, घरी म्हातारं माणूस आहे, मूल आहे. तिला ही सोय हवीच आहे. काम करणाऱ्या मुलीलाही दुकानाचं भाडं नाही, डिपॉझिट नाही. भाचीचं ॲप कुठलं ते सांगत नाही, तशी गरजही नाही. ती महिन्याला जे कमवायची ते बहिणीच्या दोन्ही मुलींच्या पगारांच्या बेरजेपेक्षा जास्त होतं. स्कूटरला सामानाची बॅग, त्यात मेणाचा हीटर, चादरी, एकदाच वापरायच्या पट्ट्या. ती शिस्त तिथेच शिकली, हेही खरं. दुसरी बाजूही आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात गुरुग्रामला याच कामातल्या बायका कमिशन आणि दंडाच्या विरोधात कंपनीच्या कार्यालयासमोर बसल्या होत्या. आता २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. त्यात अशा कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यायचा आहे. तो हातात किती आणि कसा येतो, ते पाहायचं.

पण माझा मुद्दा पैशाचा नाही. मी भाचीला विचारलं, "तीन वर्षांत किती बायकांची कामं केलीस?" तिनं मनाशी हिशेब केला. "दोन-अडीच हजार तरी."

"त्यातल्या किती जणींचा फोन नंबर आहे तुझ्याकडे?"

ती गप्प बसली. ॲपमधून फोन लागतो, नंबर दिसत नाही. कुणाच्या हनुवटीवर कुठला डाग, कुणाला गरम मेण सोसत नाही, हे तिच्या बोटांना ठाऊक आहे, आणि त्या बायका मात्र ॲपच्या. दोन-अडीच हजार चेहऱ्यांवरून हात फिरला आणि मिरजेला येताना एकही चेहरा बरोबर आणता आला नाही.

उलट बहिणीकडे वह्या आहेत. मी हिशेब लिहिता लिहिता तिच्या सांगण्यावरून बाजूला बारीक अक्षरात काहीबाही टिपत गेले. 'हिला अमोनियाचा डाय नको.' 'काळी मेंदी लावायची नाही, मागे फोड आले होते.' 'थायरॉइडची गोळी चालू.' 'मान मागे टाकून केस धुवायचे नाहीत, उभ्यानं पुढे वाकून.' या शेवटच्या ओळीला शास्त्र आहे, हे मला फार उशिरा कळलं. बेसिनच्या कडेवर मान फार वेळ मागे ताणून ठेवली तर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दबू शकते. २०२२ मध्ये हैदराबादला एका बाईला पार्लरमध्ये केस धुताना असाच झटका आल्याची बातमी होती. बहिणीला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. एका बाईला चक्कर आली, तिनं लक्षात ठेवलं, मी लिहिलं.

२०२० साली या वह्यांनीच घर तारलं. मार्चअखेर सगळं बंद झालं. महाराष्ट्रात पार्लर उघडायला २८ जूनला परवानगी मिळाली, तीही फक्त केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यापुरती. चेहऱ्याचं फेशियल वगैरे नाही. तीन महिने एक पैसा आला नव्हता. आम्ही दोघींनी वह्या काढल्या आणि एकेकीला फोन लावला. काम मागायला नाही, 'कशा आहात' विचारायला. त्यातल्या काहींनी पुढच्या कामाचे पैसे आधीच पाठवून दिले. मला वाटतं, पुढच्या पाच-दहा वर्षांत धंदा कसाही फिरो, ज्याच्याजवळ ही वही असेल त्याचं गिऱ्हाईक असेल. कंपन्यांनी हे आपल्या आधी ओळखलं आहे. त्या सेवा विकतातच, पण राखून ठेवतात ती वही.

एक सावधगिरी. भाची म्हणते, वह्या मोबाईलमध्ये घेऊ. जरूर घ्या. पण एकदा ती माहिती संगणकात गेली की २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचे आहेत. कुणाची थायरॉइडची गोळी तिला न विचारता नोंदवायची नाही आणि दुसऱ्याला दाखवायची तर मुळीच नाही. कागदाच्या वहीतसुद्धा ही सभ्यता आम्ही पाळत होतोच. पार्लरमध्ये बाई जे बोलते ते नवऱ्याशी बोलत नाही.

आता मशिनबद्दल. यंत्र विकणारा एक एजंट लॅपटॉप घेऊन आमच्याकडे येऊन गेला. फार गोड बोलणारा. त्याच्या पडद्यावरचे आलेख सगळे वरच जात होते. मी माझा आलेख काढला. आठ लाख रुपये, बारा टक्के व्याज, पाच वर्षं, म्हणजे महिन्याला सतरा हजार आठशेच्या आसपास हप्ता. महिन्याचे सव्वीस दिवस दुकान उघडं धरलं तर सकाळी शटर वर करताच सहाशे ऐंशी-नव्वद रुपये बँकेचे. त्यावर वरच्या मजल्याचं भाडं, एसीचं वीजबिल. मुद्रा योजनेत पाच ते दहा लाखांच्या कर्जाला 'तरुण' म्हणतात. फेडणारा त्यात म्हातारा होतो.

शिवाय लेसर हे काही मेणाच्या हीटरसारखं बटण दाबायचं यंत्र नाही. लेसर केसातला काळा रंग हेरून केसाचं मूळ जाळतो. आपली कातडी सावळी, तोच रंग कातडीतही असतो. यंत्र चुकीच्या जातीचं असलं किंवा हात अर्धवट शिकलेला असला तर केस राहतात आणि डाग पडतात. हे त्वचेच्या डॉक्टरांच्या देखरेखीचं काम आहे, आणि मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. जी गोष्ट शेजारच्या गल्लीतला डॉक्टर आपल्यापेक्षा चांगली करतो, तिच्यासाठी आपण कर्ज का काढावं?

कराचंही ऐकून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून-पार्लरच्या सेवेवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. सगळे खूश झाले. पण त्याबरोबर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही, म्हणून आमच्यासारख्यांना फरक नाही. मोठा स्पा मांडणाऱ्याला मात्र पाच लाखांच्या यंत्रावर अठरा टक्क्यांनी नव्वद हजारांचा कर भरावा लागला तर तो आता परत मिळत नाही. एजंटच्या लॅपटॉपमध्ये हे पान नव्हतं.

श्रोतेहो, एक गोष्ट सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. सुरुवातीच्या वर्षांत बहिणीच्या पार्लरमध्ये सगळ्यात जास्त खपायचं ते गोरं करणारं क्रीम. वहीत त्याचा वेगळा रकाना आहे. त्या रकान्यानं आमच्या घराचं छप्पर बदललं. मीही तो मुकाट्यानं लिहीत आले, आणि त्याच हातानं सावळ्या रंगावर कविताही लिहिल्या. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली. एका घरातल्या आई आणि दोन मुली, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता घेता धागा पोहोचला तो चेहऱ्याच्या क्रीमपर्यंत. गावातल्याच एका ब्युटिशियनकडून घेतलेल्या. त्यात पारा होता. पारा कातडीचा रंग बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. आणि तोच पारा रक्तात उतरून मूत्रपिंडात बसतो. कायद्यानं अशा क्रीममध्ये दहा लाखांत एक भाग, तोही नकळत आलेला, एवढाच पारा चालतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातही त्याच वर्षी असे रुग्ण सापडले.

ती बातमी वाचून बहीण रात्रभर झोपली नाही. आमचं क्रीम नावाजलेल्या कंपनीचं होतं, सीलबंद होतं, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगत होते. ती म्हणाली, "आपा, त्या तिघींनीपण ब्युटिशियनचं तोंड बघूनच घेतलं असेल ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे बिनलेबलाची डबी येत नाही, कुणी दोन क्रीमं एकत्र करून देत नाही, आणि 'गोरं करून द्या' म्हणणाऱ्या नवरीला बहीण खुर्चीत बसवून समजावते. त्यातल्या काही जणी उठून दुसरीकडे जातात. घरी क्रीम बनवून विकणाऱ्या भगिनी हे ऐकत असतील तर एवढंच सांगते, विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो. कायदा १९४० चा आहे, नियम २०२० चे आहेत.

हवा मात्र बदलते आहे. 'गोरं' हा शब्द पुड्यांवरून उतरू लागला आहे. एका प्रसिद्ध क्रीमनं २०२० मध्ये नावातून तो काढला. कॉलेजच्या मुली येतात त्या नायसिनामाइड, रेटिनॉल अशी नावं घेत. मोबाईलला चेहरा दाखवून, यंत्राला सल्ला विचारून येतात. पार्लरमधून त्या वस्तू विकत घेत नाहीत, मोबाईलवरून मागवतात, त्यामुळे बाटल्यांवरचा नफा गेला असं धरून चाला. आमच्या मुलींना अजून वुजू करताना नखाला पाणी लागेल असं नेलपॉलिश हवं असतं, तेही त्या स्वतःच शोधून आणतात. अशा मुलीला थापा मारता येत नाहीत. तिच्यापेक्षा पुढचं आपल्याला ठाऊक हवं, म्हणून कर्ज काढायचंच तर शिकण्यासाठी काढा, हे माझं मत.

आणि सगळे तरुण मुलींच्या मागे धावत असताना खुर्चीत येऊन बसणारं वेगळंच गिऱ्हाईक मला वहीत दिसतं. साठीच्या पुढच्या बाया. १९९८ मध्ये चाळीशीत असलेली बाई आज सत्तरीकडे झुकली आहे. तिला आयब्रो नको, तिला वाकून स्वतःच्या पायाची नखं कापता येत नाहीत. मधुमेह असेल तर तिथे जखम होऊन चालणार नाही. दगडानं टाच घासताना हात हलका हवा, हत्यार उकळलेलं हवं, आणि कातडी फाटलेली दिसली तर काम थांबवून डॉक्टरकडे पाठवायचं धैर्य हवं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. केमोथेरपी झालेल्या बायका येतात; दुपारी, पार्लर रिकामं असताना. भुवया गेलेल्या असतात. बहीण पडदा नीट ओढते, पेन्सिलनं भुवई काढून दाखवते, मग तिच्याच हातात पेन्सिल देऊन शिकवते. तास जातो. पैसे किती घ्यायचे हे तिला अजून ठरवता आलेलं नाही, त्यामुळे वहीत तिथे मी रेघ ओढते.

तर आमच्या घरात काय ठरलं? आठ लाखांचं झालं दोन. वरचा मजला नाही, कारण तिथे जायला अठरा पायऱ्या आहेत आणि वहीतल्या निम्म्या बायकांचे गुडघे दुखतात. हत्यारं निर्जंतुक करायला दवाखान्यात असतो तसा ऑटोक्लेव्ह आला. मागे न वाकता केस धुता येतील असं बेसिन आलं. आठवड्यातून दोन दिवस भाची स्कूटरवरून घरोघरी जाते, बॅग तीच, पण आता नंबर तिच्या स्वतःच्या फोनमध्ये. तिचं समाधान झालं आहे असं मी म्हणणार नाही. एजंटचा फोन अजून येतो आणि ती बाहेर जाऊन बोलते. पाच वर्षांनी कदाचित तीच बरोबर ठरेल.

सध्या ती माझं बारीक अक्षर लावत लावत जुन्या वह्या मोबाईलमध्ये उतरवते आहे. नाव उतरवण्याआधी त्या त्या बाईला फोन करून विचारते. परवा १९९८ ची पहिली वही निघाली. पहिल्या पानावर पहिलंच नाव, पुढे 'आयब्रो, पाच रुपये' आणि त्याच्यापुढे मी लिहिलेलं, 'पुढच्या वेळी देते म्हणाल्या.' भाचीनं फोन लावला. बाईंनी नोंदीला होकार दिला, उधारीवर खूप हसल्या, आणि गुरुवारी पायाच्या नखांसाठी चारची वेळ मागून घेतली.